टेलच्या अठरा बादल्या

"विषय," अण्णांनी चष्मा नाकावर नीट बसवला, "परसबागेच्या पाणीपाळीबाबत."

आम्ही जेवत होतो. म्हणजे मी आणि वृषालीताई जेवत होतो, आई वाढत होती आणि अण्णा हात धुऊन टंकलिखित आदेश वाचत होते. आदेशाच्या दोन कार्बन प्रती काढलेल्या होत्या. एक ताईच्या ताटाशेजारी होती, एक माझ्या. माझ्या प्रतीवर आमटीचा थेंब उडाला तसे अण्णा थांबले.

"पुसून घे. रेकॉर्डला लागेल ती."

मी पुसली. 'चि. विद्याधर' या अक्षरांवर पिवळा डाग पसरला.

"उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, येत्या सोमवारपासून परसबागेची पाणीपाळी दररोज सकाळी साडेपाच ते सात या वेळेत राहील. मेथी, पालक व कोथिंबीर यांची जबाबदारी कु. वृषाली यांच्याकडे. वांगी, टोमॅटो, गवार व टेलचा दुधी चि. विद्याधर यांच्याकडे. पाणी नेहमी टेलकडून हेडकडे देण्यात यावे. पाळीत खंड पडल्यास संबंधितास जबाबदार धरण्यात येईल."

"टेल म्हणजे?" मी विचारलं.

"शेवट. कालव्याचं शेवटचं टोक. पंधरा वर्षं कॅनॉल कॉलनीत राहतोस आणि टेल माहीत नाही?"

"अण्णा, अपील कुणाकडे करायचं?" ताईने विचारलं. ती अकरावीत होती.

"माझ्याकडेच."

आईला काही काम नव्हतं. तिचं नाव आदेशाच्या तळाशी 'लाभधारक' म्हणून होतं.

अण्णा पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. हिवरपूरच्या कालव्याचे शेवटचे अकरा किलोमीटर त्यांच्या ताब्यात. कालव्याच्या शेवटाचा अधिकारी म्हणजे लग्नातल्या शेवटच्या पंगतीचा वाढपी. वरच्या पंगती जेवून उठल्यावर पातेल्यात जे खरवडून निघेल ते घेऊन त्याने उभं राहायचं आणि बोलणी मात्र साऱ्या लग्नाची खायची. हेडच्या गावांत उसाला पाणी तुंबायचं, आणि टेलच्या बोरखडी गावात कालव्याच्या कोरड्या पात्रात पोरं गोट्या खेळायची. ते पात्र रंगवून, अंतराचे दगड लावून, झाडून ठेवण्याची जबाबदारी अण्णांची.

आमच्या क्वार्टरच्या मागची जागा कालव्यासारखीच अरुंद आणि लांब होती. स्वयंपाकघराच्या दाराशी सिमेंटचा हौद, तिथून साठ पावलं गेलं की तारेचं कुंपण. कुंपणाशी मांडव आणि मांडवावर दुधीचे चार वेल. या चार वेलांना रोज अठरा बादल्या लागत. हा आकडा अण्णांनी कागदावर गणित करून काढला होता, त्यामुळे त्यात वेलांना मत नव्हतं. पाइप घ्या म्हणावं तर नळाचं पाणी इतकं रेंगाळत यायचं, की पाइपच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्याचा विचार बदलायचा. पाटबंधारे खात्याच्या क्वार्टरमध्ये पाणी बादलीने वाहिलं जात होतं आणि यात कुणालाही काही विशेष वाटत नव्हतं.

पहिल्याच सोमवारी अण्णा हातात चहाचा कप घेऊन हौदाशी उभे राहिले.

"हिंदकळू देऊ नकोस. हे बघ, मागे सगळी ओळ उमटलीय. वहनव्यय किती झाला?"

"काय किती झाला?"

"वाटेत गेलेलं पाणी. हेडला भरलेली बादली टेलला भरलेलीच पोचली पाहिजे. वाटेत जे सांडतं तो वहनव्यय."

"मग खात्याचा किती होतो?" मेथीवर झारी धरून ताईने विचारलं. तिचा वाफा हौदाला लागून होता. तिचं सगळं काम सात मिनिटांत संपायचं आणि उरलेला वेळ ती माझ्याकडे बघत घालवायची.

अण्णांनी चहा संपवला आणि ते आत गेले.

कॉलनीला चहूबाजूंनी तार होती आणि एकच फाटक. फाटकातून बाहेर पडलं की चार किलोमीटरवर तालुक्याचं मैदान. तिथे नाईक सर नेट लावत असत. मी डावखुरा फिरकी गोलंदाज होतो. आमच्या तालुक्यात डावखुरं कुणी नव्हतंच, त्यामुळे मी चांगला होतो की नुसताच दुर्मीळ, हे ठरायचं होतं. मेच्या पंचवीस तारखेला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. सर म्हणाले होते, "महिनाभर सकाळी सहाला नेटवर ये, विदू. तुझी निवड माझ्याकडे लागली."

सकाळी सहाला मी दहाव्या बादलीवर असायचो.

नववीची परीक्षा संपली त्या दिवशी मी अर्ज केला. तोंडी नाही. अण्णांना तोंडी ऐकू येत नसे. कागदावर 'मा. अण्णा यांचे सेवेशी' असं लिहून, विषय टाकून, खाली सही करून दिला. अण्णांनी तो दोनदा वाचला. शुद्धलेखनाच्या दोन चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त केल्या आणि म्हणाले, "टेलचं काय?"

"टेलला फळच नाही अण्णा. अडीच महिने झाले. नुसती पांढरी फुलं येतात आणि गळतात. एक दुधी दाखवा."

हे खरं होतं. वेल मांडवभर पसरले होते, पानं ताटाएवढी झाली होती, पण दुधी म्हणून काही नव्हतं. अण्णा रोज संध्याकाळी मांडवाखाली उभे राहून वर बघायचे. ऑफिसातून आलेला माणूस आभाळाकडे बघतो तसं.

"तीस एप्रिल," ते म्हणाले. "तीस एप्रिलपर्यंत फळ धरलं नाही, तर टेल लाभक्षेत्रातून वगळू. मग पाळी निम्मी. मग तू मोकळा."

"लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं. जावक क्रमांक टाकून.

आता मला काहीही करायचं नव्हतं. नुसतं पाणी घालत राहायचं आणि तीस तारखेची वाट बघायची. शहाण्या मुलाने तेच केलं असतं. पण मी विज्ञानात हुशार समजला जायचो, आणि अर्धवट हुशारीला वाट बघता येत नाही. मला रोज स्वप्नात दुधी दिसायला लागले. एकोणतीस तारखेला मांडवाखाली एक दुधी लोंबतोय आणि अण्णा माझ्याकडे बघून हसताहेत, असं. जीवशास्त्राच्या पुस्तकात चौऱ्याहत्तराव्या पानावर लिहिलं होतं की वनस्पतीची वाढ शेंड्याच्या टोकाशी होते. मी तर्क केला. शेंडाच नसेल तर वाढ नाही. वाढ नाही तर फळ नाही. माणसाचं डोकं उडवल्यावर तो काय करतो, यावरून मला पुढचा अंदाज होता.

सतरा एप्रिलच्या दुपारी अण्णा ऑफिसात होते आणि आईचा डोळा लागला होता. मी तिच्या शिवणाच्या डब्यातून कात्री घेतली, स्टूल मांडवाखाली नेलं आणि चारही वेलांचे झाडून सगळे शेंडे कापले. छत्तीस. कापलेल्या जागेतून पाण्यासारखा रस यायला लागला आणि हात चिकट झाले. शेंडे तारेपलीकडे फेकले, कात्री डब्यात ठेवली, आणि पलंगावर येऊन निरागस माणसासारखा पंख्याकडे बघत पडलो.

"किती कापलेस?" दारातून ताईने विचारलं.

"काय किती?"

"स्वयंपाकघराला खिडकी आहे, विदूशेठ."

मी उठून बसलो. "ताई, अण्णांना सांगू नकोस."

"छे, सांगायचं कशाला? मी काय चुगलखोर आहे?" ती चौकटीला टेकली. "उद्यापासून मेथी तू बघ. पालकही. कोथिंबिरीला हलक्या हाताने घाल, ती आडवी होते."

अशा रीतीने, सुटकेच्या दिशेने पहिलं पाऊल टाकल्यावर माझ्या वाट्याला आणखी सहा बादल्या आल्या.

तीन-चार दिवस वेल दुखवट्यात असल्यासारखे राहिले. वाढ खरोखरच थांबली. मी मनातल्या मनात चौऱ्याहत्तराव्या पानाचे आभार मानले. मग प्रत्येक कापलेल्या जागेच्या खालून, पानाच्या बगलेतून, बारीक कोंब निघाले. एका शेंड्याचे दोन झाले, कुठे तीन. मला वाटलं, मरणाआधीची तडफड असेल. विझताना दिवा मोठा होतोच.

अठ्ठावीस एप्रिलला पहाटे अण्णांची हाक आली. "विदू! वृषाली! अगं, तू पण ये!"

आम्ही धावत टेलला गेलो. अण्णा बनियनवर स्टुलावर उभे होते. नव्या कोंबांवर फुलं होती आणि प्रत्येक फुलाच्या मागे बोटाएवढा, लव असलेला, हिरवट दुधी. एक नाही, दोन नाही. जिकडे बघावं तिकडे.

"लागला," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज मला अनोळखी वाटला. "टेलला लागला!"

"अगं बाई," आई म्हणाली. "एवढे खाणार कोण?"

ताई माझ्या कानाशी वाकली. "अभिनंदन."

अण्णा खाली उतरले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या आठवणीत असं पहिल्यांदाच. "हे पाण्याचं फळ आहे. एक दिवस खंड नाही पाडला पोराने." त्यांचा हात बराच वेळ तिथेच राहिला. मला बोलायचं होतं. शेंड्यांबद्दल, चौऱ्याहत्तराव्या पानाबद्दल. पण खांद्यावर हात असताना माणूस काय बोलणार?

त्याच रात्री जेवताना आदेश निघाला. उत्कृष्ट पाणी व्यवस्थापनाबद्दल चि. विद्याधर यांस पाटकरी पदावरून कालवा निरीक्षक पदावर बढती देण्यात येत असून, संपूर्ण परसबागेचा कार्यभार त्यांच्याकडे सोपविण्यात येत आहे. मी पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी सोडणारा होतो, हे मला बढती मिळाल्यावर कळलं.

"आणि नेट?" मी विचारलं.

"आता कसं जाता येईल?" अण्णा म्हणाले. "फळ धरलंय."

मे महिना मी दुधी खाऊन काढला. दुधीची भाजी, दुधीची कोशिंबीर, दुधीचे मुटके, दुधीचा हलवा, आणि एका रविवारी आईने हरून नुसता उकडलेला दुधी. कॉलनीतली माणसं आम्हाला बघून रस्ता बदलायला लागली, कारण आम्ही पिशवी घेऊनच घराबाहेर पडायचो. मी संध्याकाळी क्वार्टरच्या भिंतीवर एकटाच चेंडू टाकायचो. भिंत चांगली खेळायची. बाद कधी झाली नाही.

निवडीच्या दिवसाची रजा मात्र मंजूर झाली होती. दुपारी तीन ते सहा, एक दिवस, किरकोळ. चारला निवड होती. तीनला मी सायकलला बॅट बांधली, तेव्हा आई डबा घेऊन बाहेर आली.

"अण्णा जेवायला आले नाहीत. जाता जाता ऑफिसात देऊन जा. वाटेतच आहे."

ऑफिसच्या व्हरांड्यात बोरखडीची वीसेक माणसं बसली होती. शिपाई लांब कडुनिंबाखाली उभा राहून नखं बघत होता. अण्णांच्या खोलीचं दार बाहेरून लावलेलं होतं. कुलूप नव्हतं. कडीमध्ये बाभळीची एक काडी खुपसलेली होती, बस. दाराशी पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा मांडी घालून बसला होता.

मी खिडकीशी गेलो. गजांच्या पलीकडे अण्णा टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होते.

"अण्णा!"

"तू इथे? पावणेचारला तिथे हजर राहायला सांगितलंय ना?"

"तुम्हाला कोंडलंय?"

"उन्हाळी पाळीचं पाणी टेलला आलं नाही. सकाळपासून बसलेत बिचारे." त्यांनी हे दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं सांगितलं. "टेलला घातलंस ना सकाळी?"

"घातलं. अण्णा, नुसती काडी आहे. मी काढू?"

"नको." ते पहिल्यांदा लिहायचे थांबले. "त्यांनी लावलीय. त्यांनीच काढली पाहिजे."

मी डबा गजांतून आत सरकवायला लागलो. वरचा डबा अडकला. "एकेक दे," अण्णा म्हणाले. मग आवाज खाली आणून, "भाजीचा मुंजाजीमामांना दे. ते पण जेवले नाहीत."

मी डबा म्हाताऱ्यासमोर ठेवला. त्याने माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, बॅटीकडे पाहिलं.

"सायबाचं लेकरू का?"

"हो."

"ह्ये काय?"

"दुधी. घरचा. आमच्या टेलचा."

व्हरांड्यात कुणीतरी हसलं. "मुंजाजीबा, आता सायबाच्या घरात बी टेल हाय!"

"हाय म्हणं की," दुसरा म्हणाला. "शिपाई सांगत होता. घरी पयलं पाणी टेलला देतेत म्हणं. इथं आपल्याला कागद देतेत."

"कागदाला कोंब फुटंल एखांद्या वर्षी."

मुंजाजीमामांनी भाजीचा एक घास खाल्ला आणि बोटं चाटली. "टेलला फळ धरलं म्हणतो बाबू?"

"खूप."

"मी चाळीस साल टेलला हाय. टेलला फळ धरल्याचं मी बघितलं न्हाई." त्यांनी डबा बाजूला सारला. "दाखीव मला. डोळ्यानं बघितलं तर ही काडी काढतो."

"मामा, त्याला जाऊ द्या," आतून अण्णांचा आवाज आला. "त्याचं काम आहे. विदू, तू निघ. साडेतीन झाले."

माझी सायकल मैदानाच्या दिशेने उभी होती. डावीकडे तीन किलोमीटरवर निवड. उजवीकडे एक किलोमीटरवर दुधी. मधे बाभळीची काडी. संध्याकाळी वरचे साहेब येतील आणि तेच काढतील, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. पण वरचे साहेब म्हणजे वरचं पाणी. येतील तेव्हा येतील. आणि आणखी एक गोष्ट होती, जी मला तेव्हाही सांगता आली नसती. चार महिने साठ साठ पावलं तुडवली होती, पण तो वेल बघायला म्हणून आजवर बाहेरचं कुणी आलं नव्हतं.

मी बॅट सोडून व्हरांड्यात ठेवली. "बसा मामा कॅरियरवर."

"विदू," आतून अण्णा म्हणाले.

मुंजाजीमामा चपला बाहेर काढून आमच्या मांडवाखाली शिरले, देवळात शिरावं तसे. तेवीस दुधी होते त्या दिवशी. ते प्रत्येकाखाली थांबले. मग त्यांनी एक वेल वाकवला आणि बोट फिरवत त्या जागेवर आणलं, जिथे जुनी कात्री लागली होती.

"शेंडे खुडलेत."

मी पायाने आळ्यातली माती सारखी करायला लागलो.

"खुडल्याबिगर मादीफुल लवकर येत न्हाई बाबू दुधीला. नुसता नर माजतो. कुणी शिकीवलं तुला?"

"कुणीच नाही."

"मंग कशापायी खुडले?"

मी आईला सांगितलं नव्हतं, अण्णांना सांगितलं नव्हतं. या म्हाताऱ्याला सांगितलं. "वेल मरावा म्हणून."

मुंजाजीमामांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या मिशा हलल्या, मग खांदे, मग ते मांडवाचा खांब धरून इतके हसले की खिडकीतून ताई डोकावली.

"मारायला गेला, अन् फळ आलं?" त्यांनी फेट्याच्या शेवाने डोळे पुसले. "तुझ्या बापाला म्हणावं, आमच्या टेलला बी असं कुणीतरी मारायला धाड."

परतताना त्यांच्या मांडीवर एक दुधी होता. मी दिला नव्हता; त्यांनीच हाताने पिळून तोडला होता. पाच वाजून गेले होते. त्यांनी व्हरांड्यात सगळ्यांना तो उचलून दाखवला. "हाय खरं." आणि काडी काढली.

दार उघडलं. अण्णा टेबलामागे उभे राहिले. मुंजाजीमामांनी दुधी टेबलावरच्या फायलींवर ठेवला.

"सायेब, घरच्या टेलला पाणी पोचतं. मंग आमच्या टेलला कामून न्हाई?"

अण्णांनी दुधीकडे पाहिलं. मला वाटलं आता ते जावक क्रमांकाचं काहीतरी बोलतील.

"घरचं गेट माझ्या हातात आहे, मामा," ते म्हणाले. "तिथलं नाही."

मुंजाजीमामांनी हातातल्या काडीचे दोन तुकडे केले आणि खिडकीतून बाहेर टाकले.

"जा. जेवा." दारात पोचल्यावर ते वळले. "सोमवारी येतो. काडी मोडली म्हणून समजू नका. बाभळी लई हायेत."

आणि ते आलेही. पण ते पुढचं.

मी सायकल हातात धरून चालत होतो, अण्णा शेजारून. सायकलला बॅट, अण्णांच्या काखेत तो दुधी. कॉलनीचं फाटक दिसायला लागलं.

"निवड?"

"संपली असेल."

"हं."

आणखी वीस-पंचवीस पावलं.

"आईची कात्री पुसून ठेवायला हवी होतीस."

माझे पाय थांबले. सायकल थोडी पुढे गेली आणि तीही थांबली.

"रस वाळून पाती चिकटली होती. त्या दिवशी संध्याकाळी आईला ब्लाउजचं कापड कापता येईना. मी पाती उघडून वास घेतला." अण्णा फाटकाकडे बघत होते. "मग टेलला जाऊन आलो. छत्तीस ना?"

"छत्तीस."

"मोजले मी."

"मग बोलला का नाहीत? उलट बढती दिलीत मला!"

"कालवा फोडणाऱ्यालाच पाटकरी नेमायचा, विदू. बावीस वर्षांत मी एवढंच शिकलो. तो पुन्हा फोडत नाही. कुठून फुटतो हे त्यालाच माहीत असतं, म्हणून बिचारा दिवसभर तिथेच उभा राहतो."

मला राग आला होता. इतका, की डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते शर्टाच्या बाहीने पुसलं. "तुम्हाला ठाऊक होतं मला नेटवर जायचंय. तरीही तुम्ही..."

"ठाऊक होतं." त्यांनी दुधी या काखेतून त्या काखेत घेतला. "पंधरा एप्रिलला मी तालुक्याला मीटिंगला गेलो होतो. तेव्हा नाईक सरांना भेटून आलो. म्हटलं, एक तारखेपासून येईल तो. फळ काही धरत नाही, मी वेल काढणारच आहे. कुदळ मागच्या दाराशी आणून ठेवली होती. बघितली नाहीस?"

बघितली होती. रोज तिला अडखळून माझी बादली हिंदकळायची.

"दोन दिवसांनी तू शेंडे कापलेस," अण्णा म्हणाले.

"मग फळ धरल्यावरही काढायचा होतात वेल! तुमचाच आदेश, तुमचीच बाग!"

अण्णा थांबले. कॉलनीतल्या कुठल्याशा घरात रेडिओ लागला होता.

"फळ धरलेल्या टेलचं पाणी तोडायचं?" त्यांनी विचारलं. मला नाही, त्या दुधीलाही नाही. "ते मी ऑफिसात करतो रे."

घरी पोचलो तेव्हा ऊन कलंडलं होतं. ताईने दारातून माझ्याकडे पाहिलं आणि ती बाजूला झाली. मी बॅट कॉटखाली सरकवली. उन्हाळ्यात टेलला संध्याकाळीही पाणी लागायचं. मी हौदात बादली बुडवली.

अण्णा ऑफिसच्याच कपड्यांत बाहेर आले. पँटचे पाय दुमडले, दुसरी बादली घेतली आणि माझ्या मागोमाग चालायला लागले. बावीस वर्षं पाणी वाहण्याच्या खात्यात काढलेल्या माणसाने हाताने बादली वाहिल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ते उजवीकडे कलले होते, पाणी दर पावलाला पँटवर उडत होतं आणि मागे हौदापासून मांडवापर्यंत ओली ओळ उमटत होती. टेलला पोचेपर्यंत त्यांची बादली निम्मी व्हायची. आळ्यात ओतताना ते आत डोकावून बघायचे, पाणी गेलं कुठे म्हणून.

नऊ त्यांनी आणल्या, नऊ मी.

"अठरा," अण्णा म्हणाले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "झाली पाळी."

मी वहनव्ययाबद्दल काही बोललो नाही. ते आत गेल्यावर आणखी पाच बादल्या आणल्या.